मलकापूरचे लाडू

थंडी पडली की तापीकाठच्या आमच्या शहरात, राजपुऱ्यात, कुठल्या ना कुठल्या घरातून डिंक तळल्याचा वास येतो. यंदा तो आमच्याच घरातून येतोय. नातसून बाळंतीण आहे आणि लाडू मी करते आहे. सून म्हणाली, "आई, तयार मिळतात हो आता, चांगले असतात." असतील. तयार लाडवांशी माझं काही वाकडं नाही, पण त्यांच्यावर कुणाच्या अंगठ्याचा खळगा नसतो. हे सांगायला गेले तर ती मनात म्हणणार, झालं म्हातारीचं सुरू. म्हणून मी गुपचूप खारकेची पूड चाळते आणि कढईत डिंकाचा खडा टाकते. तो चुरचुरतो, फुलतो, आणि मी एकदम परकर नेसून आजीच्या चुलीपाशी बसलेली असते.

तो हिवाळा छप्पन सालचा, आमचं राज्य बदललं तेव्हाचा. ऐन दिवाळीत बदललं. काल-परवापर्यंत आमची राजधानी नागपूर होती, ती आता भोपाळ झाली. आणि नागपूर, अकोला, मलकापूर ही सगळी गावं मुंबई राज्यात गेली, असं काका सांगायचे. काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, मराठी शाळेत मास्तर. संध्याकाळी आमच्या ओट्यावर माणसं जमायची. मराठी शाळा राहणार का, कचेरीत सगळं हिंदीत लिहावं लागणार का, यावर तावातावानं बोलायची. मला त्यातलं एवढंच समजलं की मध्ये कुठेतरी भिंत घातली आहे. आमच्या शहराला तट आहे, दरवाजे आहेत, तेव्हा राज्याला भिंत असणारच, असा माझा हिशेब. बाकी फरक काही दिसत नव्हता. बाजारात केळीचे घड तेच, कापसाच्या गाड्या त्याच, पहाटे तापीवरून येणारं वारं तेच. फक्त मलकापूरची माणसं यायची बंद झाली होती, आणि कारण विचारलं की आजी म्हणायची, "राज्य बदललं ना व माय!"

मलकापूर माझ्या काकूचं माहेर.

माझी आई माझ्या जन्माच्या वेळीच गेली. वडील नोकरीला खंडव्याला, सुट्टीला यायचे. आजीनं मला वाढवलं, पण आजीच्या हाताला वेणी नव्हती. गाठोडं बांधावं तसे ती माझे केस आवळून बांधायची आणि मी दिवसभर कपाळ चोळत फिरायची. काकू लग्न होऊन आली आणि माझ्या डोक्याला पहिल्यांदा सुख लागलं. ती तेल कोमट करून घ्यायची, बोटांनी गुंता सोडवायची, आणि सोडवताना गोष्ट सांगायची. 'हो' ऐवजी 'हाव' म्हणायची, म्हणून मी तिला 'हाव काकू' चिडवायची. हसताना पदर तोंडात धरायची, तरी आवाज परसात जायचा. "हळू हस," आजी म्हणायची, "तापीपल्याड ऐकू जाईल." तुरीच्या शेंगा सोलायला बसली की दाणे टोपल्यात कमी आणि माझ्या तोंडात जास्त. आई कशी असते ते मला तिच्यावरून कळलं, असं म्हटलं तरी चालेल.

पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. पण काकूला मलकापूरला धाडलं नाही. आजी म्हणाली, राज्यं बदलू राहिली, सगळा घोळ आहे, इथंच होऊ दे. काकूनं मान हलवली. सुनेनं दुसरं काय करायचं?

दिवाळी झाल्यावर मुलगी झाली. काकूच्या अंगावरून खूप गेलं, सुईण घाबरली होती, पण निभावलं. मागच्या खोलीत बाळंतिणीची बाज घातली. वारा लागू नये म्हणून खिडकीला गोणपाट ठोकलं, दाराला जाड पडदा लावला. बाजेखाली शेगडी, तिच्यात ओवा, शेपा, कडुलिंबाचा पाला. आत दिवस की रात्र कळायचं नाही. सव्वा महिना असाच काढायचा, सगळ्यांच्या घरी तसाच काढत. मी बाळ बघायला आत गेले की डोळे चोळत बाहेर यायची, आणि कपड्यांना दिवसभर तो धूर यायचा.

पाचवीची पूजा झाली आणि आजी एक पितळी डबा घेऊन खोलीत गेली. मी तिच्या मागे. "बघ, मलकापूरचे लाडू आले. कुणी इकडे येणार होता, त्याच्या हाती धाडले तुझ्या आईनं." काकू उठून बसली. तिनं लाडू हातात घेतला आणि फिरवून फिरवून पाहिला. वरून पाहिला, खालून पाहिला, त्याच्यावर अंगठा टेकवला. मला वाटलं, आता अर्धा मला देणार. तिनं तो खाल्ला नाही, परत डब्यातही ठेवला नाही. उशाशी ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

"आवडला नाही का ग?" आजीनं विचारलं.

"चांगला आहे," काकू म्हणाली.

त्या दिवसापासून काकू भिंतीकडेच तोंड करून असायची. बाळ रडलं तर ऐकायची, पण हात उचलायची नाही. कुणी बाळ अंगाशी दिलं तर पाजायची, तेही दूध लवकरच आटलं. रात्री डोळे उघडे, दिवसाही डोळे उघडे. जेवण आलं तसं परत. मी फणी घेऊन गेले तर म्हणाली, "उद्या घालते हं." दुसऱ्या दिवशीही उद्या. मग एकदा म्हणाली, "तू आजीकडून घालून घे, मला हात उचलवत नाही." मी फणी तिथेच टाकून परसात जाऊन भोकाड पसरलं. काकू मात्र रडत नव्हती. रडली असती तर घरात कुणाला तरी काही सुचलं असतं.

आता ज्याच्या त्याच्या तोंडी एक कारण. शेजारीण म्हणाली, नजर. कुणी म्हणालं, बाहेरची बाधा आहे, अंगारा आणा. कुणी म्हणालं, मुलगी झाली म्हणून मनाला लावून घेतलं असेल. ओट्यावरच्या मंडळींना तर सगळ्या दुखण्यांचं कारण राज्याची वाटणीच दिसायची. आणि एका बाईनं काकूला ऐकू जाईल अशा बेतानं म्हटलं, "आयतं मिळतंय, म्हणून लोळतेय." आजीनं तिला पुन्हा घरात घेतलं नाही, पण आजीचंही निदान चुकलंच. ती म्हणाली, बाळंतवारा आहे. सव्वा महिना होऊन गेला तरी तिनं खोली उघडू दिली नाही. उलट गोणपाटावर आणखी एक गोणपाट ठोकलं आणि शेगडी वाढवली. एक सून तिच्या हातातून गेली होती. ही जाऊ नये म्हणून ती बिचारी जिवाच्या आकांतानं अंधार करत होती.

हे लिहिता लिहिता उठून पल्लवीच्या खोलीत डोकावून आले. पल्लवी म्हणजे नातसून, माझ्या निखिलची बायको. खोलीत गोणपाट नाही, शेगडी नाही. पांढरे पडदे आहेत, हीटर आहे, मोबाइलवर अंगाईगीतं आहेत. माहेर खंडव्याला, आई धडधाकट, रोज व्हिडिओवर दिसते. नवरा बाळाचे लंगोट बदलतो, आमच्या काळी कुणी पाहिलं होतं असलं? आणि तरी पोरगी भिंतीकडे तोंड करून पडलेली. निखिलला विचारलं तर म्हणाला, "दादी, ऐसा कुछ नहीं है, थकली आहे ती." सून म्हणते, "हिला कमी काय आहे? आजकाल सगळ्यांना उठसूट डिप्रेशन होतं." आमच्या काळी हा शब्द नव्हता एवढंच. दुखणं होतं. आणि शब्द नसला की माणसं दुखण्याला आळस म्हणतात, नाहीतर भूत.

काकूकडे डॉक्टर आल्या त्या काकांमुळे. बाळ वाळायला लागलं तेव्हा काका एका सकाळी आजीला न विचारता लेडी डॉक्टरांना घेऊनच आले. काकांनी आजीला न विचारता केलेलं मला आठवतं ते हे पहिलंच काम. डॉक्टरीणबाई हिंदी मुलखातल्या, मराठी मोडकं बोलायच्या, पण प्रश्न सरळ विचारायच्या. आत आल्या आणि धुरानं खोकायलाच लागल्या. "माँजी, ये खिडकी किसने बंद की?" म्हणाल्या, आणि उत्तराची वाट न बघता दोन्ही गोणपाटं ओढून काढली. बाजेवर ऊन पडलं. काकूनं डोळ्यांवर हात घेतला. त्या उजेडात मला तिचा चेहरा दिसला आणि मी घाबरले. ही माझी काकू वाटतच नव्हती.

बाईंनी सगळ्यांना बाहेर काढलं. बाळ माझ्या मांडीवर होतं, म्हणून मी राहिले. त्यांनी काकूच्या डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून पाहिल्या, नाडी पाहिली, मग बाजेच्या कडेवर बसल्या.

"झोप येते?"

"नाही."

"भूक?"

"नाही."

"रडायला येते?"

"इथं रडायची सोय नाही," काकू म्हणाली.

बाईंनी तिचा हात हातात घेतला. मग अगदी साधेपणानं विचारलं, "जीव द्यावा, असं मनात येते?"

पडद्याबाहेर आजी उभी होती. ती तीरासारखी आत आली. "काय अभद्र विचारता बाई! बाळंतिणीला असं विचारतात?"

"विचारल्यानं कोणी जात नाही, माँजी," बाई म्हणाल्या. त्यांनी काकूचा हात धरून ठेवला होता.

"हाव," काकू म्हणाली. "खिडकी बंद असली तरी मला मागची विहीर दिसते."

आजी मटकन खाली बसली. मी बाळाला घट्ट धरलं. मला पुरतं समजलं नव्हतं, पण 'हाव' या शब्दाची मी कधीच पुन्हा चेष्टा केली नाही.

मग काकूच बोलायला लागली. आजीकडे बघून म्हणाली, "सासूबाई, एक खरं सांगा. माझी आई गेली ना?"

आजी बसल्या जागेवरूनच बाजेपाशी सरकली. मग हळूच म्हणाली, "श्रावणात गेली ग माय. तापाचं निमित्त झालं. तू सातव्यात होतीस. पोटुशीला मर्तिकाला नेत नाहीत, सांगतही नाहीत. तुझ्या भावालाही मीच म्हटलं, मोकळी होऊ दे, मग सांगू."

"आणि लाडू?"

"मी वळले."

"मला लाडू हातात घेतल्याबरोबर कळलं. माझी आई बाळंतिणीच्या लाडवावर अंगठ्यानं खळगा करते, त्यात कोमट तूप घालून खायचं असतं. तुमचा लाडू गुळगुळीत होता." काकूनं पांघरूण बाजूला सारलं. "आणि राज्य बदललं, राज्य बदललं काय सांगता! वाटेतलं भुसावळ तर आधीपासूनच मुंबईकडे होतं. मी लग्न होऊन आले ती काय उडत आले? सगळ्यांना ठाऊक, एकट्या मला नाही. मला ठाऊक झालं, तर ते तुम्हाला सांगता येईना. मला जपता जपता एकटं पाडलंत हो."

आणि मग ती रडली. आजी तिच्या बाजेला धरून रडली. आई गेल्याला चार महिने होऊन गेले होते आणि लेक आज रडत होती. डॉक्टरीणबाईंनी कुणालाही गप्प केलं नाही. बाळ रडायला लागलं तेव्हा त्यांनी मला खुणेनं बाहेर पाठवलं.

गोष्टीत असं झालं की दुसऱ्या दिवशी माणूस हसत उठतं. आमच्या घरी तसं झालं नाही. दुसऱ्या दिवशी काकू पुन्हा भिंतीकडेच तोंड करून होती. काका ओट्यावर डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "आता तर सांगून टाकलं सगळं, रडून झालं, मग कारण तर गेलं ना?" बाई म्हणाल्या, "मास्तरजी, एक कारण असतं तर मी आज फी घेऊन सुटले असते." मग समजावून सांगितलं. रक्त फार गेलंय. बाळंतपणानंतर शरीर सगळं उलटंपालटं होतं, काही बायकांचं मनही त्याच्याबरोबर खाली बसतं. झोप नाही. उजेड नाही. आईचं दुःख कोंडलेलं. सगळं मिळून हे झालं. आणि यातलं काही नसतानाही ते होऊ शकतं, तेव्हा तिला 'का' म्हणून विचारत बसू नका. टायफॉइडवाल्याला आपण विचारतो का, तुला कमी काय आहे?

ते वाक्य मी इतक्या वर्षांत कितीदा वापरलं असेल. काल सुनेला ऐकवलं. पोचलं असावं.

औषधं दिली. एक रक्त वाढायचं, लोखंडाच्या चवीचं, ते घेताना काकूचं तोंड वाकडं व्हायचं. एक रात्री झोपेचं, ते काकांच्या ताब्यात. बाळ रात्री आजीपाशी, बोंडल्यानं दूध. काकूला एकटं ठेवायचं नाही, विहिरीवर फळ्या टाकून कुलूप. सकाळी परसात उन्हात बसवायचं, तेल-पाणीही उन्हातच. थोडं तरी काम हातात द्यायचं, आणि ते झालं नाही तरी बोलायचं नाही. एवढं करून उतार पडला नाही तर नागपूरला मोठ्या डॉक्टरांना दाखवू. नागपूर म्हटल्यावर आजीचा चेहरा उतरला, तिथलं वेड्यांचं इस्पितळ तिला ठाऊक होतं. "तेही दवाखानाच आहे," बाई म्हणाल्या. आजीनं भीत भीत विचारलं, मीठ-मोहऱ्या उतरवल्या तर चालेल का? बाई हसल्या. "उतरवा. पण औषध चुकवू नका आणि खिडकी लावू नका."

त्या हिवाळ्याचं ऊन मला अजून आठवतं. परसात तुरीच्या शेंगांनी भरलेलं सूप काकूपुढे ठेवायचं. पहिल्या दिवशी तिनं एक शेंग हातात धरली आणि तशीच बसून राहिली. ऊन सरकलं तशी आजीनं बाजही सरकवली, एक अक्षर बोलली नाही. आमच्या आजीनं बोलायचं नाही म्हणजे केवढी शिक्षा! हळूहळू शेंगा सोलल्या जाऊ लागल्या. संक्रांतीला तिनं हलव्याचे दागिने बाळाला स्वतः घातले, आणि आम्ही सगळे खूश झालो. दुसऱ्याच दिवशी ती पुन्हा उठेना. काका हातात डोकं धरून बसले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं खालीवर होणारच, वर जाताना मध्ये खाली आलं म्हणून घाबरायचं नाही. मला फार राग यायचा त्या दिवसांचा. चांगली झालेली माझी काकू कुणीतरी परत नेतंय असं वाटायचं, आणि हीही गेली तर, या विचारानं मी शाळेतून धावत घरी यायची.

होळीच्या आधी बाईंनी सांगितलं, हिला माहेरी नेऊन आणा, आईचं घर पाहू द्या. काका, काकू, बाळ आणि मी आगगाडीनं निघालो. मी खिडकीला नाक लावून बसले. रावेर गेलं, भुसावळ आलं, तिथं गाडी बदलली, पुढं निघालो. स्टेशनांवर कापसाच्या गाठी, केळीची पानं, चहावाले, सगळं आपल्यासारखंच. भिंत काही येईना. शेवटी तिकीट तपासायला बाबू आला, त्याला मी विचारलं, "राज्याची भिंत कुठे आहे हो? मी बघितलीच नाही."

तो म्हणाला, "भिंत? मग गाडी कुठून जाणार, बाई?"

आणि शेजारून आवाज आला. काकू हसत होती. पदर तोंडात धरून, पार डोळ्यांत पाणी येईस्तोवर. काका वेड्यासारखे तिच्याकडे बघत राहिले, आणि मग खिडकीतून बाहेर बघायला लागले. मलकापूरला पोचल्यावर काकू आईच्या स्वयंपाकघरात गेली आणि पुन्हा खूप रडली. पण ते रडणं वेगळं होतं, त्यानंतर ती भाकरी खाऊन झोपली. त्याच दुपारी, तिच्या आईच्या ओट्यावर, तिनं माझी वेणी घातली.

पूर्ण बरी व्हायला पावसाळा उजाडला. पुढे कधी कधी, थंडीच्या तोंडाशी, ती जरा गप्प व्हायची. मग स्वतःच म्हणायची, "मला थोडं खाली खाली वाटू राहिलं," आणि काका मुकाट्यानं तिची बाज उन्हात काढायचे. माझ्या बाळंतपणात लाडू तिनं केले, गोडंबी घालून, वर अंगठ्याचा खळगा. तिची ती मुलगी आता स्वतः आजी आहे, आणि काल फोनवर मला लाडवाचं प्रमाण चुकीचं सांगत होती.

आज दुपारी लाडू वळून झाले. एका लाडवाच्या खळग्यात कोमट तूप घातलं आणि वाटी घेऊन पल्लवीच्या खोलीत गेले. पडदा सरकवला. ऊन तिच्या पाठीवर पडलं. निखिल बाळाला घेऊन दारात उभा होता. मी पलंगाच्या कडेवर बसले. गुडघे दुखतात, पण बसले.

"पल्लवी, झोप येते का ग?"

"नाही, दादी."

"रडायला येतं?"

तिनं पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं. पुढचा प्रश्न विचारायची मला भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू? डॉक्टरीणबाईंच्या तोंडून तो मी ऐकला होता, स्वतः विचारला कधीच नव्हता. तिचा हात हातात घेतला आणि विचारला.

"दादी!" निखिल ओरडला. "असं विचारतात का कुणाला?"

पल्लवीनं तोंड माझ्याकडे वळवलं. बऱ्याच दिवसांनी मला तिचे डोळे दिसले. "रोज येतं मनात," ती म्हणाली. "कुणाला सांगू कळत नव्हतं." आणि तिनं माझा हात असा धरला की बांगड्या रुतल्या.

"मला सांगितलंस ना, झालं तर. आजच डॉक्टरकडे जायचं. बाळाला पाजत असताना चालतील अशा गोळ्या असतात, त्या देतील. बोलून बरं करणाऱ्याही असतात, त्यांच्याकडेही जाऊ. बाळ रात्री माझ्यापाशी. वेळ लागेल पोरी, पण हे बरं होतं, मी पाहिलंय." मग मी निखिलकडे वळले. तो रडत होता. "गाडी काढ, आणि हे लक्षात ठेव. असं विचारतात. माझ्या काकूला एकीनं विचारलं होतं, म्हणून माझी काकू म्हातारी झाली."